रोनाल्ड रॉस : डासाचा शोध आणि सरकारचा वेळ

हैदराबादच्या अंबरपेठ भागात, नल्लकुंट्याच्या बाजूला, साथीच्या रोगांचे एक मोठे सरकारी रुग्णालय आहे. शहर त्याला फीवर हॉस्पिटल म्हणून ओळखते. जुनी माणसे अजूनही कोरंटी दवाखाना म्हणतात. क्वारंटाइन या शब्दाला दख्खनी जिभेने दिलेले ते रूप. पावसाळा लागला की मलेरिया, डेंग्यू आणि टायफॉइडच्या रुग्णांची तेथे रीघ लागते. सरकारदप्तरी मात्र या रुग्णालयाचे नाव सर रोनाल्ड रॉस उष्णकटिबंधीय व संसर्गजन्य रोग संस्था असे आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे ज्या डॉक्टरने याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेगमपेठेतील पलटणीच्या दवाखान्यात, प्रथम पाहिले, त्याचे हे नाव. मृत्यूनंतर सरकारांनी त्यांच्या नावाच्या पाट्या उदार हस्ते लावल्या. हयातीत त्यांनी सरकारकडे मागितली ती दुसरीच वस्तू होती, आणि ती मिळवताना त्यांची उमेदीची वर्षे झिजली. ती वस्तू म्हणजे वेळ.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील कॅम्पबेल रॉस हे हिंदुस्थानी फौजेत अधिकारी होते आणि पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. मुलाला ओढ चित्रकलेची, काव्याची आणि संगीताची. वडिलांची इच्छा मात्र त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत जावे अशी. अखेर वडिलांचेच चालले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात रॉस शिकले खरे, परंतु मन लावून नव्हे. एका परीक्षेत ते नापास झाले, काही काळ जहाजावरचे डॉक्टर म्हणून त्यांनी फेऱ्या केल्या, आणि १८८१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेच्या परीक्षेत बावीस जणांत सतरावे येऊन कसेबसे नोकरीला लागले. या माणसाच्या हातून काही घडेल असे तेव्हा कोणाला वाटले असण्याची शक्यता कमीच.

मद्रास इलाख्यातील छावण्यांमध्ये काम फार नसे. रिकाम्या वेळात रॉस यांना एक विलक्षण छंद जडला : गणित. समीकरणांची पुस्तके मागवून ते एकट्याने अभ्यास करू लागले. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, कविता लिहिल्या. वैद्यक त्या मानाने मागेच होते. बंगळूरला असताना खोलीत डासांचा फार उपद्रव होई. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या, तेव्हा त्यांनी पिंप उलटवून दिले आणि डास कमी झाले. पलटणीच्या भोजनगृहातही तसेच करावे असे त्यांनी सुचवले, पण संबंधित अधिकाऱ्याने ते मनावर घेतले नाही. ही गोष्ट १८८३ च्या सुमाराची. डास आणि ताप यांचा संबंध तेव्हा त्यांच्या मनातही नव्हता, त्यामुळे त्या प्रसंगाला शोधाची नांदी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण साचलेले पाणी काढा हे सांगणारा आणि ते न ऐकणारा, अशी जी जोडी गोव्यातल्या प्रत्येक बांधकामाच्या जागेवर आजही भेटते, तिची ती एक जुनी आवृत्ती होती.

जीवनाला कलाटणी मिळाली ती १८९४ मध्ये, रजेवर लंडनला गेले असताना. मलेरियाचा जंतू रक्तात असतो हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांनी १८८० मध्येच अल्जीरियात दाखवले होते, परंतु हिंदुस्थानातील अनेक जुन्या डॉक्टरांना ते मान्य नव्हते. रॉस यांनाही नव्हते. पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञाने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू दाखवला आणि आपली एक कल्पनाही सांगितली. हा जंतू माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जात असावा, असे मॅन्सन यांना वाटत होते. पुढे डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, हा त्या कल्पनेचा उत्तरार्ध साफ चुकीचा होता. पूर्वार्धाने मात्र रॉस यांना झपाटले. १८९५ च्या एप्रिलमध्ये ते सिकंदराबादला एका मद्रासी पलटणीचे डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ध्यास फक्त डासाचा होता.

येथे थोडे थांबून हैदराबादकडे पाहायला हवे. वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा मिळत नव्हता असे म्हणावे, तर त्याच शहराने नुकतेच त्याच्या उलट उदाहरण घालून दिले होते. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे निजामाच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे, हा त्या काळचा पेटलेला वाद होता. लॉरी यांचे मत श्वासाच्या बाजूचे. ते सिद्ध करण्यासाठी निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याचे निष्कर्ष लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकाला पटले नाहीत, तेव्हा निजामाने चक्क एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटनेच आपला तज्ज्ञ पाठवावा असे कळवले. त्याप्रमाणे लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. भूलतज्ज्ञ म्हणून पुढे नावाजलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच वर्तुळात तयार झाल्या. आयोगाने पुन्हा लॉरी यांचाच पक्ष उचलून धरला. पुढे १९११ मध्ये लीव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्म थेट हृदयावरही घाला घालू शकतो, आणि सौम्य मात्रेतही. म्हणजे राजाश्रय, मनुष्यबळ, नामांकित तज्ज्ञ हे सर्व लाभलेला प्रयोग उत्तरात चुकला होता. कारण उत्तर आधी ठरले होते आणि प्रयोग नंतर झाले. लाव्हराँ यांच्या जंतूवरही याच लॉरी यांचा विश्वास नव्हता, हे त्या माणसाच्या ठाम स्वभावाला धरूनच झाले.

बेगमपेठेत रॉस यांच्याकडे यातले काहीच नव्हते. प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्यातील एक खोली, आणि साधन म्हणजे स्वतःचा सूक्ष्मदर्शक. डास कोणत्या जातीचे असतात हे सांगणारे पुस्तकही हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच नावे पाडली : तपकिरी, पट्टेरी आणि ठिपकेदार पंखांचे. पैसे देऊन ते मलेरियाच्या रुग्णांना मच्छरदाणीत झोपवत, आत डास सोडत, आणि रक्त प्यालेल्या डासांची पोटे फाडून तासन् तास पाहत बसत. तपकिरी आणि पट्टेरी डासांमध्ये शोधण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. त्यांत माणसाच्या मलेरियाचा जंतू वाढतच नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यातही काम सलग नव्हतेच. १८९५ च्या सप्टेंबरात सरकारने त्यांना पटकीच्या बंदोबस्तासाठी बंगळूरला धाडले. ते काम त्यांनी चोख केले, पण त्यात दीड वर्षाहून अधिक काळ गेला. मलेरियाच्या संशोधनासाठी आपल्याला मोकळे करावे, ही त्यांची विनंती वरिष्ठांनी मान्य केली नाही. मग १८९७ मध्ये हक्काची दोन महिन्यांची रजा घेऊन ते निलगिरीच्या पायथ्याशी, सिगूर घाटाच्या कुप्रसिद्ध तापाच्या मुलखात गेले. तेथे स्वतःलाच मलेरिया झाला. संशोधनासाठी खर्ची घातलेली ती रजा अशी अंथरुणात संपली.

जूनमध्ये ते सिकंदराबादला परतले. १८९७ चा तो ऑगस्ट उकाड्याचा होता. पंखा चालवायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जात. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगालाही तडा गेला होता. त्या महिन्याच्या मध्यास सहायकाने आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे डास बाहेर आले. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण दवाखान्यात होता. दर डासामागे एक आणा या बोलीवर तो मच्छरदाणीत झोपला आणि दहा आणे कमावून उठला. त्याच्या रक्तावर पोसलेले डास एकेक करून मरत किंवा तपासात खर्ची पडत गेले. २० ऑगस्टला मोजकेच उरले होते. त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना एक गोल पेशी दिसली, आणि तिच्यात काळे कण होते. ते कण मलेरियाच्या जंतूतच सापडतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास फाडला, तर तशाच पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. जंतू डासाच्या अंगात जिवंत होता आणि वाढत होता. त्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा छोटासा लेख आला. २० ऑगस्ट हा दिवस आता जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

शोधानंतर महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. रजपुतान्यातील खेरवाडा येथे, भिल्लांच्या पलटणीकडे. तेथे तापाचे योग्य रुग्णच नव्हते. अर्धा उलगडलेला गुंता हातात धरून रॉस पाच महिने तिथे बसून राहिले, कबुतरांचे रक्त तपासत राहिले आणि मॅन्सन यांना संतापाची पत्रे धाडत राहिले. हुकूम काढणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असे दिसत नाही. त्यांच्या लेखी रॉस हे पलटणीचे एक डॉक्टर होते, आणि पलटणीला डॉक्टर लागतो. संशोधन ही सरकारी कामाची एक जात असू शकते, तिलाही हुद्दा आणि मुदत लागते, हे त्या व्यवस्थेच्या खातेवहीत कुठे लिहिलेलेच नव्हते. कोणाच्या दुष्टपणाने झाले असते तर ते निस्तरणे सोपे गेले असते.

मॅन्सन यांनी लंडनमध्ये वजन खर्च केले, तेव्हा कुठे १८९८ च्या फेब्रुवारीपासून रॉस यांना सहा महिन्यांसाठी विशेष कामगिरीवर कलकत्त्याला नेमण्यात आले. प्रयोगशाळा मिळाली, पण नशीब आडवे आले. प्लेगच्या लसीमुळे शहरात दंगली उसळल्या होत्या, आणि सुई दिसताच लोक पळत. माणसाचे रक्त मिळेना, म्हणून रॉस पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळले. महंमद बक्स या सहायकाच्या मदतीने त्यांनी चिमण्यांवर डास सोडले, आणि जुलैमध्ये जंतूचा उरलेला प्रवास उलगडला : जठराच्या भिंतीतून सुटलेले जंतू डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतात आणि पुढच्या दंशाबरोबर नव्या शरीरात उतरतात. निरोगी अशा २८ चिमण्यांना ते डास चावू दिले; त्यांतल्या २२ आजारी पडल्या. पाणी पिऊन ताप येतो ही मॅन्सन यांची कल्पना तेथेच मोडली. एवढे झाले ते सरकारने दिलेल्या जेमतेम सहा महिन्यांत. माणसावर तोच प्रयोग करून दाखवणे बाकी होते, पण रॉस यांना काळाआजाराच्या तपासासाठी आसामात पाठवण्यात आले. त्याच वर्षाअखेर इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचे चक्र पूर्ण केले. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जे भांडण जुंपले, त्यात रॉस यांची भाषा अनेकदा शोभणारी नव्हती. आसामच्या त्या बदलीची सल त्यामागे असावी.

१८९९ च्या आरंभी त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत वर्षाला २५० पौंडांची नोकरी धरली. १९०२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पारितोषिक सुरू होऊन दुसरेच वर्ष होते, आणि ते मिळवणारे रॉस हे पहिले ब्रिटिश नागरिक.

पुढची कहाणी सहसा सांगितली जात नाही, आणि तीच अधिक दूरवर पोहोचली. लिव्हरपूलच्या काळात रॉस यांचा तरुणपणीचा छंद कामी आला. सिएरा लिओन, इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी डास निर्मूलनाच्या मोहिमा आखताना एकच आक्षेप सतत पुढे येई : सगळे डास मारणे अशक्य, मग थोडे मारून काय उपयोग? रॉस यांनी या आक्षेपाला कागदावर उत्तर द्यायचे ठरवले. गावात इतकी माणसे, त्यांपैकी इतकी आजारी; माणशी इतके डास, त्यांतल्या ठरावीक हिश्शालाच माणूस चावायला मिळतो, आणि जंतू पक्व होईपर्यंत त्याहून थोडे जगतात. हे सारे अपूर्णांक गुणत गेले की महिन्याला नवे रुग्ण किती होतील ते निघते. दुसऱ्या बाजूला, महिन्याला किती बरे होतील हेही ठरलेले असते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान झाला, की डास शिल्लक असूनही आजार आपोआप ओसरू लागतो. मॉरिशसच्या १९०८ च्या अहवालात हे गणित त्यांनी मांडले. त्यांनी धरलेल्या अंदाजांवरून ती सीमा माणशी ४० डासांच्या आसपास येत होती. सर्वच डास मारण्याची गरज नाही, त्या रेषेखाली आणले की पुरे. १९११ मध्ये मलेरिया प्रतिबंधावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी या विचाराला समीकरणांचे रूप दिले, आणि महायुद्धाच्या काळात हिल्डा हडसन या गणिततज्ज्ञ स्त्रीच्या सहकार्याने ते सर्व साथींना लागू करून दाखवले. आज संगणकावर साथीचे भाकीत करण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांचे मूळ येथे सापडते.

डॉक्टरांनी ही समीकरणे वाचली नाहीत आणि गणितज्ञांना डासांत रस नव्हता. वाचली ती अँडरसन मॅकेन्ड्रिक या भारतीय वैद्यकीय सेवेतल्याच एका तरुण डॉक्टरने. १९०१ च्या सिएरा लिओन मोहिमेत ते रॉस यांच्यासोबत होते. मॅकेन्ड्रिक आणि करमॅक यांनी १९२७ मध्ये साथींचा जो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, तो पडताळला तो मुंबईच्या आकड्यांवर : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात त्या शहरात प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, त्या नोंदींवर. मुंबईच्या मृत्युनोंदींचे ते रकाने असे जगाच्या पाठ्यपुस्तकात गेले. कोविडच्या पहिल्या वर्षी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने साथीच्या गणिती प्रारूपासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हैदराबादच्या आयआयटीतील प्रा. एम. विद्यासागर होते, आणि लष्करी वैद्यकीय सेवेतील माधुरी कानिटकर तीत सहभागी होत्या. त्यांची समीकरणे याच कुळातली. दुसऱ्या लाटेने त्या भाकितांना चकवले आणि त्यावरून टीकाही झाली. गृहीत धरलेले अंश बदलले की उत्तर बदलते, ही या गणिताची दुबळी बाजू रॉस यांच्याही आकड्यांत होती.

सरकार आणि संशोधक यांच्या नात्यावर रॉस यांनी उत्तरायुष्यात हट्टाने लिहिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : वकिलाला, ठेकेदाराला, सेनापतीला राष्ट्र मोबदला देते, मग ज्याच्या शोधाने लाखो जीव आणि कोट्यवधींचा महसूल वाचतो त्यालाच का नाही? देवीच्या लसीसाठी ब्रिटिश संसदेने एडवर्ड जेन्नर यांना १८०२ मध्ये १० हजार आणि १८०७ मध्ये २० हजार पौंड दिले होते. तो दाखला देऊन रॉस यांनी १९१३ च्या सुमारास अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्याकडे रीतसर अर्ज केला. तो फेटाळला गेला. नोबेल विजेत्या सरदाराने पैशासाठी अर्ज करावा हे अनेकांना अशोभनीय वाटले. त्यांना स्वतःला ते तत्त्वाचे वाटत होते, आणि अर्ज नाकारला गेल्यावरही वैज्ञानिकांसाठी निवृत्तिवेतनाची मागणी ते करतच राहिले.

योगायोग असा की नेमकी याच वर्षांत सरकारी विचाराची दिशा वळत होती. हिंदुस्थानात १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. आजची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद ती हीच. ब्रिटनमध्ये विमा कायद्यातून निघालेल्या पैशावर १९१३ मध्ये वैद्यकीय संशोधन समिती उभी राहिली. संशोधकाला बक्षीस देण्याऐवजी संशोधनाला पगार, जागा आणि मुदत द्यायची, हे आता धोरण ठरत होते. रॉस मागत होते तो पूर्वीच्या कामाचा मोबदला, आणि मिळू लागला तो पुढच्या माणसांना. पणजीच्या कांपाल भागात वैद्यकीय संशोधन परिषदेचे मलेरिया संशोधन केंद्र आहे, आणि बांधकाम मजुरांना आरोग्यपत्र सक्तीचे करण्याची जी पद्धत गोव्याने गेल्या शतकाच्या अखेरीस साथीच्या अनुभवातून स्वीकारली, तिच्यामागचे तर्कट तेच आहे : आजारी रक्त वेळीच शोधले की डासाला नेण्यासारखे काही उरत नाही. ज्या गोवेकरांच्या पूर्वजांनी तापामुळे जुने गोवे ओस पडताना पाहिले, त्यांना ते अधिक स्पष्ट करून सांगायला नको.

१९२६ मध्ये लंडनजवळ पटनी येथे रॉस यांच्या नावाची संस्था आणि रुग्णालय उभे राहिले, तेही मुख्यतः देणग्यांवर. १९२७ च्या जानेवारीत ते कलकत्त्याला आले. ज्या आवारात चिमण्यांवरचे प्रयोग झाले, तेथील स्मारक-कमान त्यांच्या उपस्थितीत खुली झाली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पैशाची चणचण होतीच. १९२८ मध्ये त्यांनी आपली पत्रे, टिपणवह्या आणि मलेरियाच्या शोधाचे सर्व कागद विक्रीला काढल्याची जाहिरात दिली. लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी दोन हजार पौंड मोजून ते घेतले, म्हणून ते विखुरले नाहीत. पत्नी १९३१ मध्ये वारल्या. १६ सप्टेंबर १९३२ रोजी, आपल्याच नावाच्या रुग्णालयात, रॉस यांचे निधन झाले.

ती संस्था दोन वर्षांनी लंडनच्या आरोग्यशास्त्र विद्यालयात विलीन झाली. तिचे पुढचे एक संचालक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात रॉस यांची समीकरणे पुन्हा बाहेर काढली, आणि डासांची संख्या घटवण्यापेक्षा त्यांचे आयुष्य घटवणे अधिक परिणामकारक ठरते हे त्यांवरून दाखवले. घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याच्या जागतिक मोहिमेला त्यामुळे गणिती आधार मिळाला. पुढच्या दशकात मॅकडोनाल्ड यांच्या गटाने तीच आकडेमोड संगणकावर चढवली. त्या कामाचा लेख १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. तोवर मॅकडोनाल्डही हयात नव्हते.